आज मीठ काय म्हणतं?

जयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी चहा गाळत होते. फोन प्राचीचा होता, जयूच्या भाचीचा. "मावशी, आत्या गेली," एवढंच ती म्हणाली. अशा वेळी माणसानं काय विचारावं? मी विचारलं, "किती वाजता?" तिनं सांगितलं, सहा चाळीस. समोर पडलेल्या पेपरच्या कडेला मी पेननं ते लिहूनसुद्धा टाकलं, सहा चाळीस, आणि खाली सवयीनं सही केली. औषधांच्या कारखान्यात तपासणी विभागात जन्म काढला की असं होतं. जे घडलं त्याची वेळ लिहायची, खाली सही ठोकायची आणि पुढच्या कामाला लागायचं. पण पुढचं काम काही नव्हतं. चहा तसाच राहिला... त्याला आता पाच आठवडे झाले. तो पेपर मी अजून रद्दीत टाकलेला नाही.

जयवंती आणि मी तारापूरच्या एमआयडीसीतल्या एकाच कारखान्यात, दोन महिन्यांच्या अंतरानं लागलो. ती तिथल्याच किनाऱ्यावरच्या दांडी गावची, मासेमारी करणाऱ्या घरातली. घरात पहिली बीएस्सी झालेली. मी पालघरजवळच्या माहीमच्या वाडीतली, पानवेली आणि केळीत वाढलेली. पालघरहून कंपनीची बस निघायची, जयू बोईसरला चढायची आणि कुंभवलीच्या वळणापर्यंत तिचं तोंड थांबायचं नाही. मला ती पहिल्या दिवसापासून 'बाय' म्हणायची. तिच्याकडे आईलाही बाय, मुलीलाही बाय आणि मैत्रिणीलाही बायच. ती औषध बनवणाऱ्या विभागात, मी ते तपासणाऱ्या. आमच्या धंद्यात जो बनवतो त्यानं तपासायचं नाही आणि जो तपासतो त्यानं बनवणाऱ्याची भीड धरायची नाही, असा दंडक. त्यामुळे सकाळी मी तिचा माल नापास करायचा, तिनं दुपारपर्यंत माझ्याशी अबोला धरायचा आणि जेवणाच्या सुट्टीत सुक्या बोंबलाच्या चटणीचा डबा माझ्यापुढे सरकवायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. त्या चटणीच्या वासाबद्दल कँटीनमध्ये दोनदा लेखी तक्रार झाली. दुसऱ्या तक्रारीवर तिनं शांतपणे 'वास घेतला, मान्य आहे' असा शेरा मारून कागद परत पाठवला होता.

तिचं काम भुकटीचं. दम्याची माणसं तोंडाला लावून ओढतात ना, तसल्या यंत्रांत भरायची भुकटी. या भुकटीचा वैरी म्हणजे दमट हवा. हवेत पाणी वाढलं की कण एकमेकांना बिलगतात, गोळा होतो, आणि गोळा झाला की औषध घशातच बसतं, छातीत उतरत नाही. आता समुद्रापासून हाकेच्या अंतरावर हा उद्योग करायचा म्हणजे सतत हवेशी भांडण. त्यासाठी खोल्यांना हवा सुकवणारी यंत्रं होती, भिंतीवर दमटपणाचे मीटर होते, मीटरवर तपासणीची स्टिकरं होती. आणि जयूची बरणी होती. जाड काचेची, पिवळ्या झाकणाची, खडेमिठानं अर्धी भरलेली. भुकटीच्या खोलीत असलं काही न्यायला बंदी, म्हणून ती बाहेर व्हरांड्याच्या खिडकीत ठेवायची. सकाळी आल्यावर हात धुवून, पुसून, दोन बोटं मिठात घालायची आणि अंगठ्यावर चोळून बघायची. तिच्या घरी बोंबील सुकवायचे. पहाटे मासळी आली की तिची आई आधी चुलीजवळच्या मिठात बोटं घालायची. मीठ बोटाला चिकटलं तर त्या दिवशी बोंबील बांबूवर टांगायचे नाहीत, किडतात. चिकटलं नाही तर टांगायचे. जयूनं ती रीत तशीच उचलून कारखान्यात आणली. एकदा एका साहेबानं बरणी फेकून दिली, दुसऱ्या दिवशी तिथे दुसरी. सालवडहून सायकलवर येणारा आमचा मशीनवाला रामसूरत तर येताक्षणी तिलाच विचारायचा, "मॅडम, आज नमक क्या बोलता है?" आणि तिनं नाक मुरडलं की तो मशीन सावकाश लावायचा. मी हसायचे. मी मीटरवाली.

तिचा भाऊ रमाकांत हा त्यांच्या बोटीचा तांडेल, बोटीवरचा मुख्य. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की हाच दम धरून पाण्याखाली जायचा आणि सोडवून वर यायचा. जयू ते कौतुकानं सांगायची, "दम म्हंजे काय दम त्याचा, वर येतंय का नाय म्हनून आमचा जीव जायाचा." करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. शेवटच्या दिवसांत त्याच्यासमोर पेला धरला तर तो फुंकरीनं पाणी हलवू शकत नव्हता. ती कामावर परत आली तेव्हा महिनाभर बसमध्ये कोणाशी बोलली नाही. मग एक दिवस जेवताना, घास हातात धरून म्हणाली, "बाय, रोग छातीत आनि गोळी पोटात. ह्याला काय अर्थ हाय? पोटातून पाठवायची म्हंजे आख्ख्या गावाला जेवन घालायचं, आनि ज्याला भूक लागली हाय त्याच्या पानात उरलंसुरलं."

विषाणूवर चालणाऱ्या एका जुन्या औषधाची श्वासातून ओढायची भुकटी करून बघावी, हे कंपनीच्या वरच्या लोकांच्याही मनात त्या काळात आलेलं होतं. तेव्हा सगळ्यांच्याच मनात ते येत होतं. आमच्याकडे एक लहानसा प्रकल्प आला आणि जयूनं तो अक्षरशः हिसकावून घेतला. यातलं गणित तसं सोपं आहे, करणं महाकठीण. औषधाचा कण फार मोठा झाला तर घशाला लागतो, फार बारीक झाला तर आत जाऊन उच्छ्वासाबरोबर बाहेर येतो. म्हणून अगदी बेताचा कण करायचा आणि तो साखरेच्या जाड कणावर बसवायचा. जयू नव्या मुलींना शिकवताना म्हणायची, साखर म्हणजे होडी आणि औषध म्हणजे खलाशी. होडी घशाच्या बंदरात थांबली पाहिजे, खलाशांनी उतरून पुढे गेलं पाहिजे. पण खलाशी उतरायला धक्का लागतो, तो म्हणजे रोग्यानं ओढलेला श्वास. इथेच तिचं आणि बाकीच्यांचं पटेना. बाजारात जी यंत्रं होती ती धडधाकट माणसाच्या श्वासावर बेतलेली. जयू म्हणायची, "ज्याला एवढा श्वास ओढता येतो तो कशाला मरतोय? मला रमाकांतच्या श्वासावर चालनारी पाह्यजे." भावाचा शेवटचा तो श्वास, पेल्यातलं पाणी न हलवणारा, तोच तिनं माप म्हणून धरला होता. म्हणून तिनं भुकटी इतकी सुटी, इतकी नाजूक केली की नुसत्या उसाशावर कण मोकळे व्हावेत. आणि जेवढी ती नाजूक झाली तेवढी दमट हवेला घाबरू लागली.

तपासायचं मी. त्यासाठी फुप्फुसाची नक्कल करणारं एक धातूचं यंत्र असतं, एकावर एक ताटल्या रचलेलं. वरून भुकटी सोडायची, खालून पंपानं हवा ओढायची, अगदी माणूस ओढेल तशी. जाड कण वरच्या ताटल्यांवर अडकतात, कामाचे कण खाली पोचतात. मग एकेक ताटली धुवून कुठे किती औषध बसलं ते मोजायचं. तिच्यासाठी मी पंप मंद लावायचे, इतका मंद की यंत्र चालू आहे की नाही ते कान देऊन ऐकावं लागे. पहिल्या दोन बॅचेस पास झाल्या. दुसरीचा आकडा मी सांगितला तेव्हा ती व्हरांड्यात जाऊन बराच वेळ खिडकीशी उभी राहिली. तिसरी पास झाली की पुढची परवानगी मागायची, असं ठरलं होतं. त्याच आठवड्यात मुख्य कार्यालयातून माणसं यायची होती.

तिसऱ्या बॅचच्या सकाळी बाहेर पाऊस नव्हता, नुसतं कोंदट. मी यंत्र जोडत होते, शेजारी आमचे साहेब आणि दोन नव्या मुली. जयू दारात आली. बोटं पुढे केलेली, त्यांवर मिठाचे खडे चिकटलेले. म्हणाली, "आज नको करूस बाय. मीठ ओलं हाय." मी मीटरकडे पाहिलं. काटा मर्यादेच्या आत, अगदी व्यवस्थित. आणि मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "जयू, रिपोर्टात मीठ कुठल्या रकान्यात लिहू?" साहेब हसले. मुली हसल्या. मीही हसले, आपल्याच विनोदावर. जयूसुद्धा हसली, बोटं ॲप्रनला पुसली आणि गेली... ते पुसणं मला आजही दिसतं.

बॅच नापास झाली. जवळजवळ सगळं औषध वरच्या ताटल्यांवर. दुपारी ती आली, दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "पुन्हा कर." मी म्हटलं, "कारण दाखव." आमचा नियमच तसा. आकडा आवडला नाही म्हणून चाचणी पुन्हा करता येत नाही, कुठे चूक झाली ते आधी दाखवावं लागतं, नाहीतर हवा तो निकाल येईपर्यंत कोणीही चाचण्या करत बसेल. नियम चांगला आहे, मी आजही त्याच्या बाजूनं भांडेन. तिच्याकडे दाखवायला मीठच होतं आणि त्याची चेष्टा मी सकाळीच करून ठेवली होती. मी सही केली. महिन्याभरात प्रकल्प बंद झाला. करोना ओसरला होता, वरच्यांचा उत्साहही ओसरला होता, त्यांना निमित्त हवं होतं आणि ते माझ्या सहीनं मिळालं.

पुढचं मी कोणाला सांगितलेलं नाही. दोन महिन्यांनी वर्षाची तपासणी करायला बाहेरचा माणूस आला. आमच्या खोलीतला तो मीटर त्यानं उतरवला, आपल्या मीटरशेजारी ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, हा बराच कमी दाखवतोय." म्हणजे काटा मर्यादेत दाखवत होता तेव्हा हवा त्याहून कितीतरी ओली होती. अशा वेळी भरायचा एक फॉर्म असतो. त्यात प्रश्न असतो, या मीटरमुळे आधीच्या कोणत्या निकालांवर परिणाम झाला असेल का? मी लिहिलं, 'चालू उत्पादनांवर नाही.' शब्द न् शब्द खरा होता. जयूची भुकटी तेव्हा चालू नव्हतीच. तेवढं एक खरं वाक्य लिहायला मला अर्धा तास लागला. तेव्हा मी उठून व्हरांड्यापर्यंत गेले असते तर... वीस पावलांचं अंतर होतं. गेले नाही. मला माझी चूक कबूल करणं जिवावर आलं, दुसरं काही कारण नाही.

जयूनं पुढच्या वर्षी मुदतीआधी नोकरी सोडली. भांडण असं आमचं झालंच नाही, झालं असतं तर बरं झालं असतं. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाईलवर तिचा मेसेज आला, 'मीठ कोरडं.' त्याच्या दुसऱ्या दिवशी, 'मीठ कोरडं.' मग आषाढभर, 'मीठ ओलं.' दोन शब्द, रोज, सात-साडेसातच्या सुमाराला. मला पहिल्यापासून वाटलं, ती टोचते आहे. मला ओळखून आहे, रोज सकाळी बरोबर त्या जागी बोट ठेवते आहे. मी कधी अंगठा पाठवायचे, बहुतेकदा तोही नाही. पुढे पुढे तिच्या मेसेजचा आवाज मी बंद करून ठेवला. तीन वर्षं ती लिहीत राहिली. मी रिटायर झाले, मिस्टर आधीच गेलेले, मुलगा परदेशी. पालघरच्या फ्लॅटमध्ये मला दिवसभर हाक मारणारं कोणी नाही, आणि जी एक बाई रोज सकाळी हाक मारत होती तिचा मी आवाज बंद केला होता.

यंदाच्या पावसाळ्यात मेसेज थांबले. चौथ्या दिवशी मी फोन केला, प्राचीनं उचलला. साधा ताप आला होता, मग छाती भरली, बोईसरला दवाखान्यात ठेवलंय. कुठल्याशा विषाणूचा न्यूमोनिया. हे लिहिताना मलाच मुद्दाम जुळवून आणल्यासारखं वाटतं, पण झालं ते असंच. आणि कोणी असंही समजू नये की ती तिसरी बॅच पास झाली असती तर जयू वाचली असती. असली औषधं माणसांवर तपासायला वर्षं जातात, कित्येक मध्येच गळतात. आणि जी टिकतात तीही पहिल्या एक-दोन दिवसांत, छाती भरायच्या आत दिली तरच काही कामाची. मी स्वतःला एवढी मोठी करून घेत नाही. माझी चूक लहान होती. पण ती माझी होती, आणि ती ऐकायचा हक्क एकाच माणसाचा होता.

मी गेले तेव्हा तिच्या तोंडावर वाफेचा मास्क होता. त्या वाफेत विषाणूवरचं काही नव्हतं, श्वासनळी मोकळी करायचं नेहमीचं औषध होतं. मास्क कडेनं सुटत होता आणि ती बोटानं प्राचीला दाबून धरायला खुणावत होती. शेवटपर्यंत तिला औषध वाया गेलेलं खपत नव्हतं. छाती इतकी थोडी हलत होती... मला पंपाची ती सगळ्यात मंद चाल आठवली. मी खुर्ची ओढून बसले आणि सगळं सांगितलं. मीटर, फॉर्म, ते वाक्य, आणि मी हसले होते तेही. तिनं ऐकलं. डोळे माझ्यावरच होते. मग तिनं चादरीवरचा हात उचलला आणि अंगठा दोन बोटांवर चोळला, हळू, दोनदा. मला वाटलं, म्हणते आहे की बघ, मी सांगत होते. माझी मान खाली गेली. तेवढ्यात प्राची म्हणाली, "मावशी, ती इचारते, आज मीठ कसं हाय?"

इतक्या वर्षांत मी त्या बरणीत एकदाही बोटं घातली नव्हती. मी म्हटलं, "माहीत नाही गं. उद्या बघून सांगते." तिनं मान हलवली. दुसऱ्या दिवशी सहा चाळीसला ती गेली.

तेराव्याला दांडीला गेले. रमाकांतच्या पाठोपाठ बोट विकली होती, अंगणातल्या बोंबलाच्या दांड्याही काढून टाकलेल्या, तिथे आता प्राचीची स्कूटर उभी असते. स्वयंपाकघराच्या खिडकीत पिवळ्या झाकणाची बरणी. मी विचारलं, "हे अजून लागतं तुम्हाला?" प्राची म्हणाली, "आमाला कशाला लागतंय मावशी? बोंबील कोन सुकवतंय आता? आत्या रोज उठून बघायची आनि तुमाला कळवायची. मी बोलायची, कोनाला सांगते गो रोज? तर म्हनायची, बायला तपासनीला लागतं." मी रिटायर झाले हे जयूला मी कळवलंच नव्हतं, तेव्हा तिच्या लेखी मी अजून त्या खोलीत होते, त्या भिंतीवरच्या मीटरसमोर. ती मला टोचत नव्हती. मी पुन्हा चुकू नये म्हणून रोज सकाळी पहारा देत होती. प्राचीनं न मागता बरणी पिशवीत घालून माझ्या हातात दिली.

ती आता माझ्या ओट्याशेजारी खिडकीत असते. सकाळी उठते, हात धुते, नीट पुसते, दोन बोटं आत घालते आणि अंगठ्यावर चोळते. सुरुवातीला काही कळायचं नाही, आता कळतं. आज खडे बोटांना चिकटून आले, झटकले तरी सुटेनात. आज मीठ ओलं आहे. हे मला आता नक्की कळतं, कुठल्याही मीटरशिवाय, आणि ते ऐकायला कोणी नाही.